अलिबागच्या बंगलेवाल्यांना फसवणारा नायक: कादंबरी पटण्यासाठी काय हवं?

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही पहिली कादंबरी लिहिताय. नायक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतला, वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राबणारे. तो खोटं नाव घेऊन, जुन्या खोत घराण्याचा (खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करणारे वतनदार) वारस म्हणून मांडवा-किहीमच्या बंगलेवाल्यांत शिरतो, चार कुटुंबांना जमिनीच्या व्यवहारात बुडवतो आणि शेवटी एक खून करतो. हस्तलिखित वाचलेल्या सगळ्यांची शंका एकच: इतके शिकलेले, पदरी वकील आणि सीए बाळगणारे लोक असे फसतील कसे? त्यावर तुम्ही विचारताय की नायकाला आणखी हुशार कसा करू?

मी अलिबागला दिवाणी वकिली करते, मुख्य काम जमिनीच्या दाव्यांचं, आणि अधूनमधून दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिते. अशिलांच्या गोष्टी इथे सांगणार नाही. पण फसवणारा आणि फसलेला या दोघांना समोर बसवून ऐकायची वेळ या कामात वारंवार येते. त्यातून जे कळलं ते सांगते.

तुमचा नायक पुरेसा हुशार आहे, उलट जरा जास्तच. तुम्ही दिलेल्या सारांशात तो शिक्के बनवतो, सह्या गिरवतो, इंग्रजीचे उच्चार घासूनपुसून घेतो. खरी अडचण त्या चार कुटुंबांची आहे. ती नुसती श्रीमंत आहेत. त्यांना काय हवंय, काय लपवायचंय, कोणासमोर मान खाली घालायची नाहीये, हे सारांशात कुठेच येत नाही. अशा माणसांना फसवायला जादूगारच लागतो, म्हणून तुम्ही नायकाला जादूगार करत चालला आहात आणि वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. त्या घरातल्या माणसाच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं, असं वाचकाला वाटायला हवं.

याचं आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. मग भाऊंसारखा दिसणारा एक माणूस आपणच भाऊ असल्याचं सांगत पुढे आला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं, पण 1776 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडलं आणि त्याच्या नावाने बंड उभं राहिलं. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, माणसं त्याच्यामागे गेली. शेवटी पराभव झाल्यावर तो समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला आणि कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

या तोतयाच्या अंगी अभिनय किती होता हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. भाऊ जिवंत असावेत अशी किती जणांची गरज होती, ते बघा. पुण्यात दरबारात फूट पडलेली, एका पक्षावर नाराज असलेले लोक जागोजाग. ज्याला पुण्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध उभं राहायचं होतं, त्याच्यासाठी हा माणूस खरा ठरणंच सोयीचं होतं. तुमच्या चार कुटुंबांपैकी प्रत्येकाला नायक खरा असण्याची अशीच गरज द्या. ती चौघांची वेगवेगळी असू द्या, आणि चारपैकी निदान दोघांची पैशाशी संबंध नसलेली असू द्या. निवृत्त उद्योगपतीला आपलं ऐकून घेणारा मुलगा हवाय. दुसऱ्या घरातल्या बाईंना 'आम्ही इथले' असं म्हणता यावं म्हणून एक खरा कोकणी घराणेदार मित्र हवाय. बंगला बांधून गाव आपलं होत नाही, हे त्यांना रोज कळत असतं.

आता संकोचाबद्दल. मी पाहिलंय, माणूस संशय येत नाही म्हणून फसतो असं फार क्वचित घडतं. संशय येतो, पण विचारायचं कसं हा प्रश्न पडतो. श्रीमंत वर्तुळात तर एखाद्याला थेट विचारणं म्हणजे त्याला आपल्यातला न मानणं. शिवाय ओळखीची साखळी असते. पहिल्या कुटुंबाला वाटतं हा दुसऱ्यांचा जुना स्नेही, दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांनी पारखून घेतला असेल. दोघंही एकमेकांना विचारत नाहीत, कारण विचारलं तर आपणच बाहेरचे ठरू. एखाद्या प्रकरणात चारही कुटुंबं एका जेवणाला एकत्र आणा आणि 'तुमची-यांची ओळख कधीची?' हा प्रश्न दोनदा ओठांवर येऊन मागे जाऊ द्या. तिथे वाचकाचा श्वास अडकेल. बनावट शिक्क्यांनी तो अडकत नाही.

नायकाने मागण्यापेक्षा नाकारणं जास्त दाखवा. गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना बुडवणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफ 2008 मध्ये पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला दीडशे वर्षांची शिक्षा झाली. पैसे घ्यायला तो आढेवेढे घ्यायचा, त्याच्याकडे पैसे ठेवता येणं हाच लोकांना मान वाटायचा. तुमच्या सारांशात नायक तिसऱ्याच भेटीत जमिनीचा विषय काढतो. तो त्याने काढूच नये. समोरच्याने काढावा, आणि नायकाने दोनदा टाळावा.

यापुढचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. तुमच्या कथानकात नायक बनावट खरेदीखतं करून दुसऱ्याची जमीन विकतो. हे अगदीच साधं झालं, आणि आजच्या काळात लवकर उघडं पडतं. सातबारा मोबाइलवर दिसतो, नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठा घेतात, आधीचे व्यवहार इंडेक्स दोनवर, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सूचीत, शोधता येतात. याहून कितीतरी भेदक सापळा कायद्यानेच तयार करून ठेवलाय.

1948 च्या कूळकायद्याच्या (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर कलम 84 क खाली तो व्यवहार बेकायदेशीर ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. मुंबईतल्या पैसेवाल्याला मात्र अलिबागजवळच्या झिराड-सासवण्याच्या पट्ट्यात झाडीतली दोन एकर हवीच असते. मग एकच पळवाट दिसते: शेतकरी असलेल्या कोणाच्या तरी नावावर घ्यायची.

तुमचा नायक शेतकरी आहे. म्हणजे त्याला काही मागावंच लागत नाही. ते कुटुंबच त्याला गळ घालेल, "जमीन तुमच्या नावावर घेऊ, पैसे आमचे." त्याने आधी नाही म्हणायचं. मग नाइलाजाने हो म्हणायचं. वर त्यांच्या समाधानासाठी स्वतःहून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) लिहून द्यायचं. त्यांना वाटतं, आता सगळं आपल्या हातात आलं. पण मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय. आणि हा सगळा व्यवहार बेनामी आहे, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं. 1988 च्या बेनामी कायद्याचं कलम 4 सांगतं की 'खरा मालक मीच' म्हणून अशी मालमत्ता परत मागायला दावा लावता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर तर एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या पाव हिश्श्यापर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे ज्या दिवशी ते कुटुंब पोलिसांत जाईल, त्या दिवशी आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करेल. नायकाने एकही कागद खोटा केलेला नाही आणि तरी त्यांची तोंडं बंद आहेत. व्हिक्टर लुस्टिग या ठगाने 1925 मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला, त्याची जी हकीकत सांगतात तिच्यातही हाच धागा आहे. त्याने सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून भंगारवाल्याला लाच सुचवली. लाच मागतो म्हणजे अधिकारी खराच, असं त्या माणसाला वाटलं, आणि नंतर लाजेपोटी तो तक्रारीलाही गेला नाही. फसलेल्याला थोडंसं सामील करून घेतलं की तो स्वतःच फसवणुकीची राखण करतो.

तुमच्या वाचकांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. पदरी वकील होता, मग फसले कसे? वकिलाने 'असं करू नका' म्हटलं असतं, म्हणून त्याला कळूच दिलं नाही. हे अगदी रोजचं आहे. माणसं डॉक्टरांपासून पथ्य मोडल्याचं लपवतात, तसंच वकिलापासून हे व्यवहार लपवतात. कादंबरीत या वकिलाला एक प्रसंग द्या: त्याला कळतं, तो विचारतो, आणि त्याचा स्वतःचा अशील त्याच्याशी खोटं बोलतो.

यावरून माझी सर्वात मोठी सूचना. नायकाचं खोटं नाव काढून टाका, त्याला त्याचंच नाव द्या. खोट्या नावाने शेतकरी होता येत नाही, त्याला खरा सातबारा लागेल. तो आहेच. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कुळं जमिनीची मालक झाली. नायकाचा आजा खोताचं कूळ होता आणि त्याला काही गुंठे मिळाले, असं करा. आज त्या सातबाऱ्यावर भावकीतल्या पंचवीस-तीस सामायिक नावांत नायकाचंही नाव आहे. आडनावाची अडचण येणार नाही, खोत आणि त्याचं कूळ एकाच आडनावाचे असू शकतात. किहीमचे लोक मोबाइलवर सातबारा उघडतात, नाव खरं निघतं, गाव खरं निघतं, आणि निश्चिंत होतात. नायकच त्यांना सांगतो, "बघून घ्या ना, बघितलेलं बरं." पण सातबारा फक्त आज कोणाचं नाव आहे ते सांगतो. ते नाव तिथे कसं लागलं हे फेरफारात असतं. जुना फेरफार काढला की कूळकायद्याच्या कलम 32 ग चा उल्लेख येणार, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा. खोती तर 1949 च्या कायद्यानेच गेली. ज्या वाड्याचा वारस म्हणून हा मिरवतोय, त्या वाड्याच्या अंगणात याचा आजा खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याच्या मोबदल्यात द्यायचं, भात घेऊन उभा राहत होता.

मानसशास्त्रीय थरार मला इथे दिसतो. त्याच्याजवळचा एकमेव अस्सल कागद त्याला मालकही ठरवतो आणि उघडाही पाडतो. ज्या घराण्याने आपल्याला उभं केलं नाही त्याचंच नाव लावून तो श्रीमंतांच्या टेबलावर बसलाय. तो पैशासाठी हे करत नाही, किंवा फक्त पैशासाठी करत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

मग त्याला ओळखणार कोण? बंगलेवाले नाहीत. त्यांना बंगल्याचा माळी, स्वयंपाकाची बाई, लाँचवरचा खलाशी ही माणसं दिसतच नाहीत, आणि या माणसांना मात्र सगळं दिसतं. कोकणात परक्याला पहिले प्रश्न ठरलेले असतात: गाव कुठलं, वाडी कुठली, कोणापैकी तुम्ही. शहरी पाहुण्याला हे कुतूहल वाटेल, प्रत्यक्षात ती कडक उलटतपासणी असते. समजा बंगल्यावर काम करणारी एखादी बाई रत्नागिरीकडची माहेरवाशीण आहे. ती सहज विचारते, "शिमग्यात पालखी तुमच्या घरी कितव्या दिवशी येते ओ?" खोताच्या घरी पालखीचा मान काय असतो हे नायकाने लांबून पाहिलंय, घरात उभं राहून नाही. तो उत्तर देतो, ते बरोबरही असतं, पण तो क्षणभर थांबतो. तिला तेवढं पुरे. ती कोणाला सांगत नाही, कारण तिला कोणी विचारतच नाही. असा एक माणूस पुस्तकभर नायकाच्या मागे राहू द्या.

भाषेकडेही लक्ष द्या. अलिबागकडची आगरी-कोळी बोली वेगळी, रत्नागिरीकडची वेगळी. नायक बंगल्यात प्रमाण मराठी आणि इंग्रजी बोलेल, पण चिडला, दचकला की वाडीची बोली तोंडात येईल. हे एकदाच करा, नेमक्या जागी.

पावसाळा तुम्ही वापरलाच नाहीये आणि त्याची मला चुटपुट लागलीय. गेटवे-मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट 2020 पासून आहे, पण तीही हवामानावर. जून ते ऑगस्ट बरेच बंगले बंद असतात, सामानावर चादरी टाकलेल्या, राखणदार मागच्या खोलीत. नायकाने ते महिने दुसऱ्यांच्या घरात काढावेत. राखणदाराला तो साहेबांचा मित्र म्हणून माहीतच आहे. साहेबांच्या खुर्चीत बसायचं, त्यांची पुस्तकं चाळायची, कपाटातली पत्रं वाचायची, त्यांच्या बायकोच्या नावाचा उच्चार आरशासमोर करून बघायचा. हिवाळ्यात तो जे जे जाणतो ते पावसाळ्यात शिकलेलं असतं. या एका प्रकरणाने 'त्याला हे सगळं कसं माहीत' ही शंका निघून जाईल.

बंगल्यांच्याही लपवाछपवी असतात, त्या त्याच्या हाती लागू शकतात. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत, आणि ग्रामीण भागात मोठ्या पट्ट्यात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. किहीमला एक बडा बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला, तेव्हा आसपासच्या कित्येकांनी स्वतःच्या कुंपणाकडे नव्याने पाहिलं असेल. ज्याची फाइल कुठेतरी अडकलीय तो माणूस फार प्रश्न विचारत नाही.

काही गोष्टी तुमच्या निवडीवर अवलंबून आहेत, तिथे मी ठाम सांगू शकत नाही. कथा कधी घडते? 1 जुलै 2024 नंतर असेल तर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागेल, त्याआधी असेल तर जुनं 420. 2000 च्या आसपास नेलीत तर मोबाइलवरचा सातबारा नाही, तलाठ्याकडे खेटे आहेत, आणि नायकाचं काम सोपं होतं; पण मग वर सांगितलेली 'बघून घ्या ना' ची गंमतही जाते. निवेदन कोणाचं, हेही तुमच्यावर आहे. नायकाने 'मी' म्हणून सांगितलं तर वाचक त्याच्या बाजूला लवकर जातो, पण आपण कोण हे तो स्वतःपासूनही लपवतो ही गोष्ट लिहायला अवघड होते. माझा कल तृतीयपुरुषाकडे, पण त्याच्या खांद्याला खांदा लावून चालणारा. मात्र एक प्रकरण फसणाऱ्या बाईंच्या बाजूने लिहाच. त्यात तो आपल्याला पहिल्यांदा बाहेरून दिसेल आणि किती लोभस आहे ते कळेल.

आणि खून. सारांशात तो उद्योगपतीला मारतो, कारण त्याने पैसे परत मागितले. हे कारण पोलिसांना पटेल, पण या कादंबरीत ते उपरं वाटतं. वर दाखवल्याप्रमाणे पैसे मागणाऱ्याचं तोंड कायद्यानेच बंद आहे, त्याला मारायची गरज काय? माझ्या मते मरणारं माणूस ते असावं ज्याला सगळं कळलंय आणि तरी ज्याने माया कमी केलेली नाही. समजा उद्योगपतीची थोरली विधवा बहीण, घरातली आत्या. तिने फेरफार काढून आणलाय, ती नायकाच्या गावी जाऊन आलीय, त्याच्या आईच्या हातचा चहा पिऊन आलीय. परत येऊन ती त्याला एवढंच म्हणते, "तुझी आई वाट बघते रे." तिला तक्रार करायची नाही, पैसे नकोत. खोताचा वारस म्हणून मिळालेलं प्रेम त्याला झेपतं. कुळाचा नातू म्हणून कोणी जवळ घेतलेलं मात्र त्याला सहन होत नाही. यानंतर तिचं काय होतं हे लिहिताना तुम्हाला स्वतःलाच त्रास व्हायला हवा.

आता कामाचा क्रम. सगळं हस्तलिखित एकदम मोडू नका. आधी चार कुटुंबांची चार पानं वेगळी लिहून काढा, कादंबरीत न घेता: कोणाला काय हवंय, कोण काय लपवतंय. मग तिसऱ्या भेटीचं प्रकरण नव्याने लिहा, ज्यात नायक जमिनीचा विषय टाळतो. तेवढं पटलं तर शिक्के आणि बनावट सह्यांची प्रकरणं तुम्ही आपणहून गाळाल. फेरफार उताऱ्याची भाषा आणि नोंदीचा नमुना हवा असेल तर तुमच्याच गावच्या तलाठी कार्यालयातून एखादा जुना उतारा मागून घ्या. हाताने लिहिलेल्या नोंदी असलेला मिळाला तर उत्तम. आत्याच्या हातात तोच कागद द्या.